दिनेशच्या नावाचा एक्स-रे

दिनेश मयेकर माझ्यासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसला होता, आणि मला त्याला सांगायचं होतं की बाबा रे, तुझ्या उजव्या फुफ्फुसात गाठ दिसते आहे.

असली बातमी सांगायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. दार लावून घेते. फोन उपडा ठेवते. बाहेरच्या बाईला सांगते की आग लागली तरच हाक मार. ‘कॅन्सर’ हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत काढत नाही, कारण तो एकदा काढला की पुढचं काहीच माणसाच्या डोक्यात शिरत नाही. एरवी मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. या पाच मिनिटांत मात्र सांभाळून बोलते.

“दिनेश,” मी म्हटलं, “तुझ्या एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला एक सावली दिसते आहे. ती कसली आहे हे अजून माहीत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन करायला लागेल.”

तो हसला. चक्क हसला.

“सावली? माझ्यात? नाय हो मॅडम, असं कसं होईल? त्यो एक्स-रे तर...”

आणि तिथेच थांबला. तोंड उघडंच राहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुणी फडक्याने पुसावं तसं गेलं आणि माणूस माझ्या डोळ्यांदेखत पांढराफटक पडला.

“नाव बघा ना परत,” तो म्हणाला.

“नाव तुझंच आहे. वय त्रेचाळीस. तुझ्या कारखान्याचा शिक्का आहे.”

“ही गाठ... वाईटवाली असते काय?”

“असू शकते. म्हणून तर वेळ घालवायचा नाही.”

तो उठला. “येतो मॅडम” एवढंच म्हणाला आणि निघाला. हेल्मेट खुर्चीवर तसंच राहिलं. मी मागून दोनदा हाक मारली, पण तोवर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

घाबरलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. कुणी रडतं, कुणी माझ्याशीच भांडतं, एकाने तर एक्स-रे फाडून टाकला होता. पण आधी हसणारा आणि मग असा भुईसपाट होणारा पहिलाच. काहीतरी खटकलं. काय, ते तेव्हा कळलं नाही.

थोडं माझ्या कामाविषयी सांगते. रत्नागिरीत माझा दवाखाना आहे आणि आठवड्यातून दोन दिवस मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत तीन-चार कारखान्यांची डॉक्टर म्हणून जाते. औद्योगिक आरोग्याचा डिप्लोमा केलेला आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, माणूस कामामुळे आजारी पडू नये हे बघायचं, आणि पडलाच तर लवकर ओळखायचं. वर्षातून एकदा सगळ्या कामगारांची मेडिकल असते. कान, डोळे, रक्त, एका नळीत जोर लावून फुंकायची श्वासाची परीक्षा आणि छातीचा एक्स-रे. शेवटी मी फॉर्मवर सही करते. फिट किंवा अनफिट.

दिनेश वेल्डर. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं. वेल्डिंग करताना त्याचा धूर होतो. तो धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हे मी कामगारांना दरवर्षी सांगते. ते दरवर्षी मान डोलावतात आणि बाहेर जाऊन तोंडाला रुमाल बांधून कामाला लागतात. धुराला रुमाल काय करणार, कपाळ!

त्यात दिनेशला सहा महिन्यांपासून खोकला. कँटीनमध्ये त्याचा आवाज आधी यायचा, मग तो यायचा. मी दोनदा टोकलं होतं. “हवामान, मॅडम,” म्हणायचा. हवामान! सहा महिने एकाच माणसाला बाधणारं हवामान मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून एक्स-रेतली गाठ बघून मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. रेडिओलॉजिस्टने रिपोर्टमध्ये गाठीखाली आणखी एक ओळ लिहिली होती. दोन्ही बाजूंना छातीच्या अस्तरावर आणि खाली छाती-पोटामधल्या पडद्यावर चुनकळीसारखे पांढरे चट्टे आहेत. कामाचा पूर्वेतिहास तपासावा.

हे चट्टे म्हणजे काय ते सांगते. फुफ्फुसाभोवती एक पातळ अस्तर असतं. ते असं जागोजागी जाड होऊन चुन्यासारखं कडक झालं, की आम्हा लोकांच्या डोक्यात पहिला संशय येतो अ‍ॅस्बेस्टॉसचा. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे न जळणारा खनिज धागा. पूर्वी गरम पाइपांना, बॉयलरला गुंडाळायचे. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की बाहेर येत नाहीत. चट्टे स्वतः कॅन्सर नसतात, पण हा माणूस कधीतरी त्या धुळीत होता याची ती खूण असते. आणि ज्याला ती धूळ लागली, त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही असतो. हे चट्टे उमटायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात.

दिनेश वेल्डर होऊन बावीस वर्षं झाली होती. त्याआधी आयटीआय, त्याआधी शाळा. मग अ‍ॅस्बेस्टॉस आलं कुठून?

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, कारखान्यातच कुठेतरी आहे आणि माझ्यापासून लपवलंय. वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायला जाडजूड ब्लँकेट वापरतात. जुनी ब्लँकेटं अ‍ॅस्बेस्टॉसची असायची. मी दुपारी जेवण अर्धवट टाकून थेट मिरजोळे गाठलं आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले. हे पाटणकर, वयाने माझ्याहून लहान, इस्त्री नेहमी कडक.

“तुमची ब्लँकेटं दाखवा.”

“आज अचानक, मॅडम?”

“अचानकच बघायची असतात.”

सगळी ब्लँकेटं काढायला लावली. पावत्या मागवल्या. भट्टीचं दार उघडायला लावलं, त्याची दोरी बघितली. स्टोअरकीपर घामाघूम झाला. आणि निघालं काय? सगळी ब्लँकेटं फायबरग्लासची. दोरी सिरॅमिकची. अ‍ॅस्बेस्टॉसचा कण नाही.

“मॅडम, इथे चुका असतील,” पाटणकर म्हणाले, “पण ही चूक आमची नाही.”

मी ओशाळले. माझ्यासारख्या बाईला ओशाळायची सवय नाही, त्यामुळे ते जरा जास्तच लागलं.

निघताना त्यांनी विचारलं, “त्या मयेकरचं काही आहे का? आज सेकंड शिफ्टला आलेला नाही. अनफिट असेल तर आताच सांगा, कॉन्ट्रॅक्टरला दुसरा माणूस द्यायला लावतो.”

“अजून काही ठरलेलं नाही. आणि तुम्ही पण ठरवू नका.”

हे बोलताना मला मागच्या वर्षीचा एक ग्राइंडरवाला आठवत होता. त्याला मी ‘तीन महिने धुळीपासून लांब ठेवा’ असं लिहून दिलं होतं. कॉन्ट्रॅक्टरने त्याला तीन महिने नाही, कायमचाच लांब केला. मी चांगल्या मनाने लिहिलेल्या एका ओळीने त्याचं काम गेलं. ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. तिचा परिणाम काय झाला असेल, याचा विचार मी तोवर केला नव्हता. करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशचा फोन बंद. मी कपाटातून त्याचा गेल्या वर्षीचा एक्स-रे काढला. सावली तेव्हा होती का, चट्टे तेव्हा होते का, हे बघायचं होतं. खरं तर हे मी आदल्या दिवशीच करायला हवं होतं, पण मी ब्लँकेटांच्या मागे धावत सुटले होते. दोन्ही फिल्म शेजारीशेजारी लाइटच्या डब्यावर लावल्या.

गेल्या वर्षी छाती साफ. एकही चट्टा नाही. एका वर्षात असे चट्टे उमटत नाहीत. उमटूच शकत नाहीत.

मग माझी नजर वर गेली. गेल्या वर्षीच्या फिल्ममध्ये डाव्या गळपट्टीच्या हाडाला, म्हणजे कॉलरबोनला, मध्येच एक टेंगूळ होतं. कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं हाड. मला आठवलं, दिनेशनेच सांगितलं होतं, लहानपणी रातांब्याच्या झाडावरून पडलेला. आणि या वर्षीच्या फिल्ममध्ये ते हाड? सरळ. रूळ टाकल्यासारखं सरळ.

मोडलेलं हाड जुळतं, पण इतकं सरळ होत नाही. निदान माझ्या तीस वर्षांत एकही झालेलं नाही.

मी खुर्चीत बसले. ही छाती दिनेशची नव्हती. दुसऱ्याच कुणाची तरी होती. आणि तो माणूस, ज्याच्या फुफ्फुसात गाठ होती, या घडीला रत्नागिरीत कुठेतरी मजेत फिरत होता. त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

झालं कसं, तेही लक्षात आलं. आमचे एक्स-रे कारखान्यात निघत नाहीत. कामगाराला चिठ्ठी देतात, तो सुट्टीच्या दिवशी शहरातल्या सेंटरवर जाऊन काढून येतो. सेंटरवाला चिठ्ठीवरचं नाव फिल्मवर घालतो. चिठ्ठीवर शिक्का असतो, सही असते. चेहरा कुणी बघत नाही. ही पद्धत कुणाची? माझीच. कामगारांचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून मीच काढलेली.

दवाखाना बंद केला आणि दिनेशच्या घरी निघाले. मिरजोळ्याच्या पुढे आत एका वाडीत घर आहे. कातळावरचा रस्ता, मग उतार, मग आंब्याची कलमं. गडग्याच्या बेड्याशीच, म्हणजे दगडी कुंपणाच्या फाटकाशी, दिनेश उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मला बघून पुढे धावला आणि दोन्ही हात पसरून वाटच अडवली.

“मॅडम, पाया पडतो. आत जाऊ नका.”

“कुणाला पाठवलंस?”

त्याने हात तसेच पसरून ठेवले.

“दिनेश, माझ्याकडे आता वेळ नाही, आणि त्याच्याकडे तर अजिबात नाही. कुणाची छाती आहे ती?”

“दादाची,” तो म्हणाला, आणि गडग्यावर बसून ढसाढसा रडायला लागला.

दादा म्हणजे अनंत, त्याचा थोरला भाऊ. वय सत्तावन्न. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्याच्याच खांद्यावर. दिनेशला आयटीआयला त्यानेच घातलं. विडी नाही, तंबाखू नाही. पहाटे उठून कलमांना पाणी घालणार, चढणीवर विशीतल्या पोरांना मागे टाकणार. अख्ख्या वाडीत छाती कुणाची मजबूत, तर अनंत मयेकरची. मेडिकलची चिठ्ठी आली तेव्हा खोकणारा दिनेश घाबरला. ग्राइंडरवाल्याचं काय झालं ते त्याला माहीत होतंच. तेव्हा अनंतच म्हणाला, दे ती चिठ्ठी इकडे, मी जाऊन येतो, माझ्या छातीत बघायला काय मिळणार त्यांना!

“आणि आता मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू?” दिनेश म्हणाला. “माझ्यासाठी गेला ओ तो. माझी बला त्याच्यावर गेली.”

“गाढवा,” मी म्हटलं. रागाने नाही, पण म्हटलं. “बला काय चिठ्ठीवरून जाते? ती गाठ त्याच्या छातीत आधीपासून आहे. तू पाठवलं नसतंस तर तो कधी एक्स-रे काढायला गेला असता?”

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्याही, ते वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत, आलं नव्हतं.

“या बाई, या!” आतून आवाज आला. अनंत खळ्यात भाताचा पेंढा रचत होता. उघडाबंब, काटक, पिकलेले केस बारीक कापलेले. गळपट्टीची दोन्ही हाडं सरळ. “ह्या दिन्याला काय झालंय ते तुमीच बघा. कालपासून जेवला नाय, बोलत नाय. गो, बाईंना च्या ठेव.” बायकोला सांगून तो माझ्यासमोर पायरीवर बसला. मग डोळे मिचकावून म्हणाला, “तुमाला कळलेलं दिसतंय. मीच गेलेलो. आता काय शिक्षा करायची ती मला करा, त्येला नको.”

त्याला वाटलं, मी चोरी पकडायला आले आहे.

“अनंतराव, आधी मला एक सांगा. तुम्ही बागेत पडण्याआधी काय करत होतात?”

“मी? मुंबैला होतो. गोदीत. अठराव्या वर्षी गेलो, पंधरा वर्षं काढली. जहाजं दुरुस्तीला यायची ना, त्यांच्या इंजिनरूममधे. वाफेचे पाइप असतात, त्यांना गुंडाळायचं काम. लॅगर म्हणायचे आमाला.”

“कशाने गुंडाळायचात?”

“सफेत पीठ यायचं गोणीतून. हलकं एकदम, कापसासारखं. पिंपात वतायचं, पाणी घालायचं, हातानं कालवायचं आणि पाइपावर थापायचं. आणि जुनं झालेलं कोयत्यानं खरवडून काढायचं. तेव्हा जी धूळ उडायची, काय सांगू तुमाला! समोरचा माणूस दिसायचा नाय.”

तो आता रंगात आला होता.

“मजा पण होती, बाई. आमी सगळे ह्याच वाडीतले. एकानं दुसऱ्याला नेलेला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नऊ जण होतो. शिमग्याला सगळ्यांना रजा मिळायची नाय. मग तिथंच शिमगा! त्या पिठाचे गोळे करायचे आणि एकमेकांना मारायचे. डोक्यात, तोंडात, कानात, सगळीकडे सफेत. ढोल म्हणून पिंप वाजवायचं. फोरमन वरून शिव्या घालायचा, आमी खालून बोंब मारायचो.” तो हसत होता. “घरी आलो की आई म्हणायची, पिठाच्या गिरणीत लागलास काय रे?”

चहा आला. कोरा, गूळ घातलेला. मी तो बाजूला ठेवून दिला. मी अ‍ॅस्बेस्टॉसवर व्याख्यानं दिली आहेत, स्लाइड दाखवल्या आहेत. पण लोकांनी त्या धुळीने शिमगा खेळला, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

“बाकीचे आठ कुठे आहेत आता?” मी विचारलं.

“असतील की. आमी तिघे-चौघे तर इथंच. मोहन वरच्या घरात, गणपत देवळापाशी, सदू मुलीकडे असतो बुरोंडीला. आणि बाळा...” तो बोटं मोजत होता. “बाळा दम्यानं गेला. सीताराम टीबीनं गेला, औषधं घेऊन पण बरा नाय झाला. विठू... त्येच्या छातीत पाणी भरत होतं. काढायचे, परत भरायचं. तुका पण...”

बोट तिथेच थांबलं. दिनेश गडग्यापाशी उभा होता. अनंतने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या मोठ्या पिवळ्या पाकिटाकडे.

“ह्यो माझा एक्स-रे, नाय काय?” तो म्हणाला.

“हो.”

“आणि तुमी शिक्षा करायला आलेल्या नाय.”

“नाही.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. माझ्या पाच मिनिटांच्या पद्धतीप्रमाणे नाही. दार नव्हतंच लावायला. त्याची बायको दारात पदर तोंडावर धरून उभी होती. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “पण बाई, मला काय होत नाय ओ. दम लागत नाय, खोकला नाय.”

“म्हणूनच आज आले. व्हायला लागेल तेव्हा येऊन उपयोग नाही.”

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. सीटी झाला, सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच. पण लहान, एकाच जागी, पसरलेला नाही. अनंत पुन्हा मुंबईला गेला, या वेळी गोदीत नाही, हॉस्पिटलात. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. सर्जन म्हणाले, इतक्या लवकर आलेले पेशंट आमच्याकडे क्वचित दिसतात. कसा सापडला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रूटीन चेकअपमध्ये. दुसऱ्याच्या, हे सांगितलं नाही.

दिनेशचा खरा एक्स-रे मी स्वतः सेंटरवर त्याच्याबरोबर उभी राहून काढला. गळपट्टीच्या हाडावरचं टेंगूळ जागच्या जागी. छातीत गाठ नाही, चट्टे नाहीत. फुंकायच्या परीक्षेत मात्र श्वास आखडलेला. धुराने झालेला दमा. त्याचा खोकला औषधाने आणि धुरापासून लांब राहून आटोक्यात येण्यासारखा होता. एवढ्यासाठी बिचारा लपत होता!

राहिला प्रश्न त्याच्या नोकरीचा. मी पाटणकरांना जे घडलं ते सांगितलं. त्यांची इस्त्री विसकटली.

“मॅडम, हे फ्रॉड आहे. याला ठेवता येणार नाही.”

“बरोबर आहे. तसं लेखी देते. त्याच कागदावर हेही लिहिते की इथे स्टेनलेसचं वेल्डिंग बंद शेडमध्ये चालतं, धूर ओढून घ्यायची सोय नाही, मास्क रुमालाचे आहेत आणि खोकला झाला की माणसाला काढतात, म्हणून माणसं खोकला लपवतात. आणि तपासणीत चेहरा न बघण्याची पद्धत या डॉक्टरची आहे. खाली सही माझी. चालेल?”

ते बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले.

“तो कागद आज द्यायलाच हवा का?” त्यांनी विचारलं.

“धूर ओढणारी मशिनं कधी येतात त्यावर आहे.”

मशिनं आली. लगेच नाही, चांगले चार महिने पाठीस लागायला लागलं. दिनेशला तोवर फिटिंगच्या कामावर टाकलं. मी फार मोठा पराक्रम केला असं नाही. दबाव टाकला, कागद दडवला, दोन्ही नियमाबाहेरचं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

पण या सगळ्यात मला जो धक्का बसला तो वेगळाच आहे, आणि तो अजून ओसरलेला नाही. आमचा मेडिकलचा फॉर्म दोन पानी आहे. त्यात नाव, वय, पत्ता, व्यसन, सध्याचं काम, सगळ्याला रकाना आहे. ‘याआधी कुठे काय काम केलं’ याला रकाना नाही. हा फॉर्म माझाच. इतकी वर्षं मी या गावात आज काम करणाऱ्यांच्या छात्या बघत बसले, आणि ज्यांनी तिशीतच काम सोडलं, गावी येऊन कलमं लावली, ते माझ्या दवाखान्यासमोरून रोज सायकलवरून जात होते. बाळा आणि सीताराम माझ्या हद्दीतच मेले. दमा आणि टीबी. कदाचित तेच असेल. आता कसं कळणार? त्यांच्या छातीचे फोटो कुणी जपून ठेवले आहेत? आणि गोदीतल्या ज्या कॉन्ट्रॅक्टरने त्यांना कामाला लावलं, त्याची पाटीसुद्धा आता शिल्लक नाही.

मी नवा फॉर्म छापून घेतला. एक रकाना वाढवला, चांगला अर्ध्या पानाचा. एक्स-रे सेंटरवाल्याला सांगितलं की चिठ्ठीबरोबर ओळखपत्र बघायचं, चेहऱ्याशी जुळवायचं. तो म्हणाला, मॅडम, एवढं कोण बघतो? मी म्हटलं, तू बघतोस, आजपासून.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी अनंत दवाखान्यात आला. एकटा नाही. मोहन, गणपत आणि बुरोंडीहून आणवलेला सदू. त्यांना तो गाडी करून घेऊन आला होता. चढ चढताना आता मध्ये एकदा थांबायला लागतं, म्हणाला. बाकी ठीक.

“ह्यांचे पण फोटो काढा,” तो म्हणाला. “आणि तोंडं नीट बघून घ्या हां बाई, अदलाबदल नाय केलेली.”

सगळे हसले. मीही हसले.

चौघांनी बाकड्यावर बसून फॉर्म भरले. गणपतला लिहिता येत नाही, त्याचा अनंतने भरला. मग स्वतःचा घेतला. सध्याचं काम: बागायत. नव्या रकान्याशी येऊन तो थांबला.

“काय झालं?” मी विचारलं. “गोदी लिहा ना.”

“ते लिवलं.” त्याने फॉर्म माझ्याकडे वळवला. “पण बाई, हितं अर्धं पान मोकळं राहतंय. त्येच्यात बाकीच्यांची नावं घातली तर चालतील काय? जे येऊ शकत नाय त्यांची?”

“घाला,” मी म्हटलं.

त्याने लिहायला घेतलं. बाळा, सीताराम, विठू, तुका आणि आणखी एक, जो त्या दिवशी खळ्यात मोजायचा राहिला होता. प्रत्येक नावापुढे त्याने काम लिहिलं, लॅगर. वय लिहिलं, गेले तेव्हाचं. आजाराच्या जागी पाचही वेळा रेघ ओढली.

तो फॉर्म माझ्या फाइलीत आहे. त्यावर फिट की अनफिट, काही लिहिलेलं नाही. आता माझ्याकडे कुणीही आलं तरी मी ‘काय करता?’ असं विचारत नाही. ‘काय काय केलंत?’ असं विचारते, आणि उत्तर संपेपर्यंत पेन खाली ठेवून ऐकते.